तिसरी हाक

सोमवारी सकाळी मामांनी चूळ भरायला तोंडात पाणी घेतलं आणि ते ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून सरळ बनियनवर ओघळलं. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. आरशात पाहिलं तर चेहऱ्याची उजवी बाजू पार उतरलेली. डोळा मिटत नव्हता, भुवई हलत नव्हती, ओठ तर दुसऱ्याच कुणाचा असावा तसा लोंबत होता. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. चेहऱ्याची नस सुजली आहे. गोळ्या घ्या, व्यायाम करा, महिन्या-दोन महिन्यांत उतार पडेल. तोवर फुंकायचं मात्र नाव काढू नका."

दुसरा कुणी असता तर त्याने सुटकेचा निःश्वास टाकला असता. पण सगळे वादक ज्यांना मामा म्हणत ते गेली तीस वर्षं शहराच्या ऑर्केस्ट्रात पहिला हॉर्न, म्हणजे गोल वळणांचं पितळी फुंकवाद्य, वाजवत होते. कार्यक्रम बारा दिवसांवर आला होता आणि त्यातल्या मोठ्या रचनेचा संथ भाग सुरूच व्हायचा तो एकट्या हॉर्नने. दीड मिनिट. खाली व्हायोलिनवाल्यांचा जेमतेम ऐकू येणारा आधार, बाकी सगळे गप्प.

मामांच्या शेजारच्या खुर्चीवर एकोणीस वर्षं एक बाई बसत होती. तिला सगळे 'दुसरी' म्हणत, कारण ती दुसरा हॉर्न वाजवायची. ऑर्केस्ट्रातलं कुणी तिच्या नवऱ्याची ओळख "हे आमच्या दुसरीचे मिस्टर" अशी करून दिली, की समोरचा माणूस पहिलीचं काय झालं हे विचारावं की नाही अशा पेचात पडे. दुसरा हॉर्न म्हणजे खालचे सूर. ते नीट वाजले तर कुणाचं लक्ष जात नाही, चुकले तर सगळ्यांच्या माना वळतात. एकोणीस वर्षांत तिच्यामुळे मान वळल्याचं कुणाला आठवत नव्हतं. वर चढायची वेळ आली की मामा होतेच.

सोमवारी दुपारी कंडक्टरने तिला खोलीत बोलावलं. कंडक्टर तिच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान होता, हुशार होता आणि एक मिनिटही फुकट घालवत नसे. (घरी तिने "आज कंडक्टर रागावला" असं सांगितलं की सासूबाई हमखास विचारत, "तिकीट काढलं नव्हतंस का?")

"मी बाहेरून माणूस बोलावतोय," तो म्हणाला. "तुम्ही काळजी करू नका. तुम्ही नेहमीसारखा दुसरा हॉर्न सांभाळा."

त्याच्या बोलण्यात वावगं काहीच नव्हतं. पण त्या 'नेहमीसारखा'वर ती अडखळली. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "मी वाजवते."

"काय?"

"पहिला हॉर्न. तो एकट्याचा तुकडा. मी वाजवते."

कंडक्टरने पेन खाली ठेवलं. "तुम्ही वरच्या सुरांत कधी वाजवलंय?"

"कुणी सांगितलंच नाही कधी."

त्याने वेळापत्रक उघडलं. मग म्हणाला, "शुक्रवारी तालीम आहे. वाजवून दाखवा. मग ठरवू."

ती "बरं" म्हणून बाहेर आली आणि जिन्यात कठड्याला धरून उभी राहिली. चांगलं सुखाचं चाललेलं असताना तिने आपण होऊन विस्तव पदरात घेतला होता.

सभागृहाच्या मागे जादा खुर्च्या रचून ठेवायची एक खोली होती. मंगळवारपासून सकाळी साडेसहाला ती तिथे जाऊ लागली. धून साधीच होती. एक छोटंसं वाक्य, तीनदा यायचं. पहिल्यांदा खालून, दुसऱ्यांदा जरा वरून आणि तिसऱ्यांदा थेट सगळ्यात वरच्या सुरापर्यंत. मेख अशी की तो सगळ्यात वरचा सूर सगळ्यात हळू वाजवायचा होता. जोरात वाजवायचा असता तर छाती भरून घेऊन ढकलून दिला असता. हळू म्हणजे कुठे लपायला जागाच नाही. त्यातून हॉर्न हे वाद्य मुलखाचं लहरी. वरच्या अंगाला त्याचे सूर एकमेकांना खेटून उभे असतात. ओठ केसभर इकडेतिकडे झाला की हवा भलत्याच सुराला जाऊन धडकते आणि मध्येच चिरकते. वाजवणारे त्याला 'सूर फुटला' म्हणतात, आणि तो फुटला की गच्चीवर बसलेल्याला सुद्धा कळतं.

पहिल्या दिवशी तिने तिसरं वाक्य दहादा वाजवलं. सातदा फुटलं.

तिने हॉर्न मांडीवर आडवा घेतला आणि विचार केला. रडून काही होणार नव्हतं आणि दहाचे शंभरदा करूनही ओठ सुजण्यापलीकडे काही होणार नव्हतं. तेव्हा तिने अख्खी धून खाली, तिच्या ओळखीच्या मुलखात उतरवली आणि तिथे वाजवली. मग अर्धा सूर वर. मग आणखी अर्धा. जिथे ओठ कुरकुरेल तिथे थांबायचं, उद्या तिथून एक पायरी पुढे. आधी वीस मिनिटं नुसते लांब, हळू सूर. नवी सून परक्या घरात एकेक डबा उघडून बघते, तशी ती वरचा एकेक सूर ओळखीचा करत चालली.

त्याच दिवशी दुपारी ती मामांकडे गेली. तब्येत विचारायची होती, आणि खरं सांगायचं तर मामांची वहीसुद्धा हवी होती. तीस वर्षांत त्यांनी ही रचना सहा-सात वेळा वाजवली होती आणि श्वास कुठे घ्यायचा, कुठे रेंगाळायचं, सगळं पेन्सिलीने खुणा करून ठेवलं होतं.

मामींनी दार उघडलं. मामा आतल्या खोलीत होते, दार लावून.

"आरशासमोर बसलेत सकाळपासून," मामी हळूच म्हणाल्या. "गाल फुगवायचा व्यायाम दिलाय ना. कुणाला तोंड दाखवत नाहीत. बस तू, मी बोलावते."

त्या दाराशी गेल्या. "अहो." उत्तर नाही. जरा थांबून, "अहो, ऐकलंत का? कोण आलंय बघा." तरीही काही नाही. मग त्या दाराच्या अगदी जवळ गेल्या, कपाळ जवळपास लाकडाला टेकलं, आणि तिसऱ्यांदा म्हणाल्या, "अहो." ही हाक आधीच्या दोन्हींपेक्षा वरच्या सुरात होती, पण आवाज निम्म्याहून कमी. तीत राग नव्हता आणि उत्तर यायलाच हवं असंही काही नव्हतं.

आतून मामांचा आवाज आला. ओठ मिटत नसल्यामुळे प, ब, म त्यांना धड म्हणता येत नव्हते. त्यांचं स्वतःचं 'मामा' हे नावही त्यांच्या तोंडून निम्मंच बाहेर पडलं असतं. पण अर्थ स्वच्छ कळला.

"वही मागायला आली असेल. सांग तिला, अजून अकरा दिवस आहेत. मी बरा होतोय."

दुसरी उठली. "मामा, तुम्ही बरे झालात तर मी खुर्ची पुसून देईन," ती दाराकडे तोंड करून म्हणाली. "पण तोवर मी वाजवणार आहे. वही नाही तर नाही."

मामींनी जिन्यापर्यंत येऊन तिचा हात धरला आणि सोडला.

गुरुवारी सकाळी तिने फोनवर स्वतःचं वाजवणं रेकॉर्ड करून ऐकलं. सूर जागच्या जागी होते, ताल बरोबर होता, तिसऱ्या वाक्याचं फुटणं दहातून चारवर आलं होतं. आणि तरी ते ऐकताना तिला जांभई आली. पत्ता बिनचूक, पाकीट रिकामं. शिवाय वाकण्या-वळणांत ती सरळसरळ मामांची नक्कल करत होती. जिथे मामा रेंगाळत तिथे ती रेंगाळत होती, पण का ते तिला ठाऊक नव्हतं.

तिने हॉर्न खाली ठेवला आणि धून नुसती गुणगुणून पाहिली. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी ती मध्येच गप्प झाली. मामी दाराशी उभ्या होत्या तसंच तर होतं हे. एकच शब्द, तीनदा. पहिल्यांदा सहज, तो माणूस लगेच येईल अशा खात्रीने. दुसऱ्यांदा जरा आर्जवाने, लांबवून. आणि तिसऱ्यांदा वर, दाराशी कपाळ टेकून, हळू. तो सगळ्यात वरचा सूर सगळ्यात हळू का, हे कोडं तिला तीन दिवस सुटत नव्हतं. आता त्यात कोडं असं काही उरलंच नाही. जवळ गेलेला माणूस ओरडत नाही, एवढंच.

ती त्या सकाळी पुन्हा पहिल्यापासून बसली. वाजवताना मामांचं रेंगाळणं तिने मनातून काढून टाकलं. कुठे थांबायचं ते हाकेला विचारलं.

शुक्रवारच्या तालमीत संथ भाग आला. कंडक्टरने हात वर केले, व्हायोलिनवाल्यांनी आधार धरला आणि तिने पहिलं वाक्य वाजवलं. दुसरं वाजवलं. पुढच्या रांगेतली बासरीवाली वळून बघायला लागली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कुणाची मान तिच्यासाठी वळत होती. आणि तिसऱ्या वाक्यात, ऐन वरच्या सुरावर, हॉर्न फुटला. असा फुटला की मागे ढोलवाल्याने डोळे मिटून घेतले.

कंडक्टर थांबला नाही, पुढे वाजवत नेलं. तालीम संपल्यावर तिला बाजूला घेऊन म्हणाला, "पहिली दोन वाक्यं..." आणि त्याला पुढचा शब्द सापडेना. तिला वाटलं, हे बरंच झालं. मग तो म्हणाला, "पण तिसरं असं फुटलं तर आख्खा भाग हातचा जातो. बाहेरच्या माणसाला मी आज कळवणार होतो."

"मंगळवारची तालीम आहे," ती म्हणाली. "मंगळवारी फुटलं तर मीच त्याला फोन करीन. नंबर देऊन ठेवा."

कंडक्टरला हसू आलं. "मंगळवार," तो म्हणाला. नंबर त्याने दिला नाही.

शनिवारी नवऱ्याला सुट्टी होती. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. गाण्याशी त्याचा संबंध इतकाच की बायको कार्यक्रमात मागून दुसऱ्या रांगेत कुठे बसते हे त्याला माहीत होतं. पण कान तिखट. लिफ्टच्या नुसत्या घरघरीवरून कुठलं चाक झिजलंय ते तो सांगायचा. ती स्वयंपाकघराचं दार लावून वाजवत होती, सासूबाई बाहेर पेपर वाचत होत्या आणि तो तिथेच मोरीशी डबे धूत होता.

"परत वाजव," तो मध्येच म्हणाला. "ते वर जातेस ते."

तिने वाजवलं. फुटलं.

"तू पोचायच्या आधीच ब्रेक लावतेस," तो म्हणाला. "मजला यायच्या जरा आधी मोटर दचकली की लिफ्टला झटका बसतो. बघ, त्या वरच्याच्या अलीकडचा जो सूर आहे ना, तिथेच तू थांबायची तयारी करतेस. हवा तिथे कमी होते."

"तुला काय कळतं त्यातलं?" ती ओठ चोळत म्हणाली. ती वैतागली होती.

"गाण्यातलं काही नाही. झटक्यातलं कळतं."

तिने पुन्हा वाजवलं आणि या वेळी लक्ष वरच्या सुरावर न ठेवता त्याच्या अलीकडच्या सुरावर ठेवलं. तो म्हणत होता ते खरं होतं. वर जायच्या भीतीने तिचा श्वास आधीच आवळला जात होता. आणि श्वास आवळला जात होता कारण तो ती गरजेपेक्षा जास्त भरून घेत होती, महिनाभराच्या प्रवासाला निघाल्यासारखा. तिने आधी होती ती हवा सोडून दिली, मग थोडाच, बेताचा श्वास घेतला. हवा तशीच चालू ठेवून वर गेली. सूर लागला. पुन्हा लागला. पुन्हा फुटला, पण तो वेगळ्या ठिकाणी. रविवार संध्याकाळपर्यंत दहातून दोन राहिले. आणि ते दोन काही केल्या हटेनात.

"खालच्या मजल्यावरून तक्रार आलीय," सासूबाई दार उघडून म्हणाल्या. "वर हत्तीचं पिल्लू पाळलंय का विचारतायत. मी सांगितलं, पिल्लू नाही, सूनबाई आहे, आणि शनिवारपर्यंत असंच चालणार."

सोमवारी सकाळी साडेसहाला ती खुर्च्यांच्या खोलीशी आली तर दार उघडं होतं. आत मामा बसले होते. गळ्याभोवतीचा मफलर नाकापर्यंत ओढलेला, उजव्या डोळ्यावर पट्टी.

"शुक्रवारी फुटला म्हणे," मामा मफलरमधून म्हणाले. "वाजव."

तिने वाजवलं. पहिली दोन वाक्यं झाली तेव्हा मामांचा उघडा डोळा जमिनीकडे होता. तिसऱ्यात सूर लागला, पण लागताना चरचरला.

मामांनी डोळा वर उचलला. मग म्हणाले, "मी असं वाजवत नाही."

"माहितीय."

"असू दे." त्यांनी पुढे होऊन तिच्या डाव्या हाताच्या बोटांकडे बघितलं. "त्या सुराला पहिली आणि दुसरी, दोन्ही कळा दाबतेस ना? सगळे तेच करतात. पुस्तकात तेच आहे. नुसती तिसरी दाब. एकच बोट हलतं, घसरत नाही. सूर केसभर उतरतो. तो उजव्या हाताने सावर, हॉर्नच्या तोंडातला पंजा जरा उघड."

तिने करून पाहिलं. सूर उतरलेला आला. पंजा उघडला, जागेवर आला. आवाजाची चमक थोडी कमी झाली होती, पण मऊपणा वाढला होता. पाच वेळा वाजवलं. पाचही वेळा सूर तिथे होता.

"हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत," ती म्हणाली. "एकोणीस वर्षं शेजारी बसून."

"सांगितलं असतं तर तू वाजवलं असतंस," मामा म्हणाले. मफलर घसरला होता, त्यांनी तो वर घेतला नाही. अर्धा चेहरा दगडासारखा होता आणि उरलेल्या अर्ध्यावर जे होतं ते पूर्ण चेहऱ्यालाही पेलवलं नसतं. "मी बरा होत नाहीये पोरी. शनिवारपर्यंत तर नाहीच. काल रात्री माउथपीस ओठांना लावून बघितला. सगळी हवा बाजूने."

तिने हॉर्न खाली ठेवून त्यांचा हात धरला. जरा वेळाने मामांनीच तो सोडवून घेतला. "चल, परत. पहिल्यापासून. आणि दुसऱ्या वाक्यानंतर श्वास घेताना खांदे उचलतेस ते बंद कर."

मंगळवारच्या तालमीत सूर लागला. कंडक्टरने एकदा मान हलवली आणि व्हायोलिनवाल्यांना म्हणाला, "तुम्ही अजून हळू. त्यांच्या आवाजाच्या खाली राहा." 'त्यांच्या' म्हणजे तिच्या. बाहेरच्या माणसाचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही. दुसऱ्या हॉर्नला संगीतशाळेतली एक मुलगी आली. तिला खालचे सूर समजावून देताना दुसरीला स्वतःचंच नवल वाटलं, इतकं सांगण्यासारखं तिच्यापाशी साठलं होतं.

शनिवारी कार्यक्रम संध्याकाळी पाचला होता, आणि रविवारी पुन्हा तोच. पहिला भाग संपला तेव्हा तिने हॉर्नमध्ये साठलेलं श्वासाच्या वाफेचं पाणी काढून टाकलं, माउथपीस हाताच्या मुठीत धरून गरम ठेवला. दिव्यांमुळे समोरचे लोक दिसत नव्हते. व्हायोलिनवाल्यांना इतकं हळू वाजवायला सांगितलं होतं की त्यांचा आधार सुरू झालेला ऐकूच येणार नाही असं तिला वाटलं. पण ऐकू आला.

तिने आतली हवा सोडली, बेताचा श्वास घेतला आणि पहिली हाक दिली.

ती सहज निघाली. दुसरी जरा जास्तच लांबली, कंडक्टर तिच्यासाठी थांबला, व्हायोलिनवाले थांबले. मग तिसरी. अलीकडच्या सुरावर हवा तशीच राहिली, एक बोट हललं, उजवा पंजा उघडला आणि तो सूर आला. अगदी सुरुवातीला त्याला किंचित खरखर होती, झोपेतून उठल्यावर पहिल्या शब्दाला असते तशी. पण तो हलला नाही. सभागृहात तो इतका हळू होता की मध्येच खोकायच्या बेतात असलेले लोकही थांबले. तिने तो खाली उतरवत आणला आणि शेवटच्या सुरावर सोडून दिला. पुढे बासरीने धून उचलली आणि तिला तेव्हा कळलं की आपल्या पाठीतून घाम वाहतोय.

शेवटी टाळ्यांच्या वेळी कंडक्टरने हाताने तिला एकटीला उठवलं. ती पाणी काढायला नळी उपसून बसली होती, ती हातात तशीच धरून उभी राहिली. मागच्या ओळीतल्या सगळ्यांनी पाय आपटले. वादक मंडळींची शाबासकी तीच. नवरा म्हणाला, "झटका नाही बसला," आणि सासूबाई म्हणाल्या, "कंडक्टर दिसायला बरा आहे की." मामा-मामी मागच्या दारापाशी बसले होते, पण भेटायला ती बाहेर येईपर्यंत निघून गेले होते.

रविवारी सकाळी साडेआठला फोन वाजला.

"शेवटचा सूर लवकर सोडलास," मामा म्हणाले.

"हो."

"श्वास संपला?"

"नाही. होता शिल्लक. वरचा लागला ना, तेवढ्यावरच समाधान मानलं. पुढचं कसंतरी उरकलं."

"तेच म्हटलं." पलीकडे मामींचा आवाज आला, चहा गार होतोय म्हणून. "आज परत आहे ना?"

"पाचला."

"मग?"

"खुर्च्यांच्या खोलीकडे निघतेच आहे," ती म्हणाली, आणि खांद्याला पेटी अडकवून चपला शोधू लागली.